जादा तास नकोत, वेळापत्रकातच जागा हवी

प्रश्न : मी एका माध्यमिक शाळेत यंदा पर्यवेक्षिका झाले. आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या, एका तुकडीत चाळीसच्या आसपास मुलं. तास ३५ मिनिटांचा. गणिताला आठवड्याला सहा तास आणि तीन शिक्षक. पोर्शन सगळे वेळेत संपवतात, टाचणंही व्यवस्थित असतात. तरी नववीतल्या बऱ्याच मुलांना अपूर्णांकांची बेरीज येत नाही, शाब्दिक उदाहरण दिसलं की ती वही मिटून बसतात. शाळा सुटल्यावर जादा तास लावून पाहिले. पहिल्या आठवड्यात पंचवीस मुलं आली, महिन्याभरात सहा उरली, आणि ती सहा तशी बरी शिकणारीच आहेत. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आणि नियोजन माझ्याकडे आलंय. सुरुवात कुठून करू? आणि पोर्शन मागे पडतोय असं पालक म्हणाले तर त्यांना काय सांगू? — एक पर्यवेक्षिका

उत्तर :

नमस्कार मॅडम,

जादा तासाला टिकलेली सहा मुलं बरी शिकणारी आहेत हे तुमच्या नजरेला आलं, तिथेच निम्मं निदान झालं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी शाळा सुटल्यानंतरचा तास म्हणजे दिवसभर न कळलेल्या गोष्टीची आणखी पस्तीस मिनिटं. तो दमलेला असतो, मित्र घरी निघालेले असतात, आणि त्या वर्गात बसणं म्हणजे आपण कच्चे आहोत हे सगळ्यांना सांगणं. त्यातून बहुतेक जादा तासांत तोच धडा, त्याच पद्धतीनं, जरा सावकाश शिकवला जातो. मुलाची अडचण मात्र त्या धड्यात नसतेच. ती दोन-तीन वर्षं मागे कुठेतरी असते. म्हणून आमचं म्हणणं एकच आहे : मागचं दुरुस्त करायला लागणारा वेळ शाळेच्या वेळापत्रकाच्या आत काढा, आणि तो वार्षिक नियोजनात आधी मांडा. उरलेल्या तासांत पोर्शन बसवा. आज सगळीकडे नेमकं उलटं होतं.

पहिलं काम हिशोबाचं. कागदावर ३४ आठवडे गुणिले सहा, म्हणजे गणिताचे २०४ तास दिसतात. गेल्या वर्षीच्या दैनंदिन्या काढा आणि प्रत्यक्ष किती तास झाले ते मोजा. परीक्षा, सहल, स्पर्धा, संमेलनाचा सराव, शिक्षकांची रजा हे सगळं वजा केलं की आकडा बराच खाली येतो. उदाहरणापुरतं तो १६८ धरू. आता या १६८ मधले दहा टक्के, म्हणजे १७ तास, कोणत्याच प्रकरणाला देऊ नका. नियोजनात त्यांच्यापुढे 'राखीव' एवढंच लिहा. राहिलेले १५१ तास प्रकरणांना वाटा, पण सारखे वाटू नका. बारा प्रकरणं आहेत म्हणून प्रत्येकाला साडेबारा तास, असं वाटप आम्ही अनेक नियोजनांत पाहतो आणि ते हमखास फसतं. ज्या प्रकरणावर पुढची तीन प्रकरणं उभी आहेत त्याला १८ तास द्या. जे एकटं उभं आहे त्याला आठ पुरतात.

कोणतं प्रकरण कशावर उभं आहे हे कळायला विषयशिक्षकांना एक दुपार एकत्र बसवा. मोठ्या कागदावर प्रकरणांची नावं लिहा आणि प्रत्येकाखाली, ते सुरू करण्याआधी मुलाला काय यायलाच हवं अशा फक्त तीन गोष्टी लिहा. त्रिकोणमितीखाली गुणोत्तर, समरूप त्रिकोण आणि पायथागोरसचं प्रमेय. वर्गसमीकरणाखाली चिन्हांसह गुणाकार, अवयव पाडणं आणि कंस सोडवणं. तीनच का? दहा लिहिल्या की 'सगळंच यायला हवं' असा अर्थ होतो आणि तो कागद कपाटात जातो. मग विज्ञानाच्या शिक्षकांना त्याच कागदाशेजारी त्यांची प्रकरणं मांडू द्या. इथे हमखास काहीतरी सापडतं. गतीचे आलेख विज्ञानात आधी येतात आणि आलेख काढायला गणितात नंतर शिकवतात. विद्युतधारेच्या उदाहरणात विभवांतर आणि रोध दिलेला असतो, सूत्र उलटवून धारा काढायची असते, पण सूत्रातलं अक्षर एका बाजूला कसं आणायचं ते गणिताच्या वर्गात अजून झालेलं नसतं. भूगोलात नकाशाचं प्रमाण येतं, तेही गुणोत्तरच. प्रकरण पुढेमागे करणं शाळेच्या हातात असेल तर करा. नसेल तर विज्ञानाच्या त्या तासाआधी गणिताच्या शिक्षकांनी वीस मिनिटं काढून तेवढीच पूर्वतयारी करून घ्यायची, आणि दोघांनी चिन्हं अन् शब्द एकच वापरायचे. एका वर्गात 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' आणि दुसऱ्या वर्गात 'दोन्ही बाजूंना भागा' असं ऐकणारं मूल दोन्ही नियम पाठ करतं आणि नको तिथे लावतं.

आता निदान. वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या दहा दिवसांत एक चाचणी घ्या. १५ प्रश्न, एक तास, पाच कौशल्यांवर प्रत्येकी तीन प्रश्न : अपूर्णांक, दशांश, चिन्हांसह संख्या, कंस, गुणोत्तर. प्रत्येक प्रश्नाखाली रीत लिहायला तीन बोटं जागा. या चाचणीला गुण द्यायचे नाहीत, आणि हे मुलांना आधीच सांगायचं, नाहीतर ती शेजारच्याचं बघून लिहितात आणि तुमच्या हाती शेजारच्याचं निदान येतं.

प्रश्न निवडताना एक गोष्ट पाहा : चुकीचं उत्तर आलं तर ते का चुकलं हे त्या उत्तरावरूनच कळलं पाहिजे. एकच उदाहरण जवळून बघू. २/३ + १/४. बरोबर उत्तर ११/१२. चुकलेल्या मुलांत दोन उत्तरं वारंवार येतात, ३/७ आणि ३/१२. गुणपत्रकात दोघांनाही शून्य. पण ही दोन वेगळी मुलं आहेत. ३/७ लिहिणाऱ्यानं वरच्या संख्या वर मिळवल्या, खालच्या खाली. त्याच्या मनात अपूर्णांक ही एक संख्या नाहीच, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या आहेत. त्याला लसावि शिकवून उपयोग नाही. त्याला संख्यारेषेवर २/३ कुठे, १/४ कुठे, अर्धा कुठे हे दाखवावं लागतं. मग त्यालाच विचारायचं, 'दोन तृतीयांश हे अर्ध्यापेक्षा जास्त. त्यात आणखी काही मिळवलं, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?' तीन सप्तमांश अर्ध्याहून कमी असतात हे त्यानं स्वतः रेषेवर शोधलं की ती चूक हलायला लागते. ३/१२ लिहिणाऱ्याला छेद सारखा करायचा असतो हे माहीत आहे. छेद बदलला की अंशही बदलतो, एवढीच पायरी सुटली आहे. सममूल्य अपूर्णांकांचे दोन तास त्याला पुरतात. दोघांना एकाच उपचारात्मक वर्गात बसवलं तर पहिल्याला काही कळत नाही आणि दुसरा कंटाळतो.

दशांशाचा प्रश्नही असाच जपून घालावा लागतो. '०.३५ मोठा की ०.८?' असं विचारलं की पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. पण काही मुलांनी उलटाच समज करून घेतलेला असतो, की दशांशचिन्हापुढे जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. ती मुलं ०.८ म्हणतात आणि त्यांना बरोबरची खूण मिळते. म्हणून जोडीला दुसरा प्रश्न लागतो : ०.६२ मोठा की ०.४? इथे ती मुलं ०.४ म्हणतात आणि सापडतात. एका कौशल्याला तीन प्रश्न ठेवायचे ते यासाठी. एकाच प्रश्नावरून निदान केलं तर चुकीच्या कारणानं बरोबर आलेलं उत्तर निसटतं.

तपासणी तीन शिक्षकांनी एकाच टेबलाशी बसून करावी. नववीचे १२० पेपर तिघांत एका दुपारी होतात. आडव्या ओळीत मुलांची नावं, उभ्या रकान्यांत प्रश्न क्रमांक. बरोबर असेल तर रेघ, चुकलं असेल तर मुलानं लिहिलेलं उत्तरच त्या चौकटीत लिहा, फुली नको. हा तक्ता आधी उभा वाचायचा. एखाद्या रकान्यात निम्म्याहून जास्त मुलं चुकली असतील तर तो प्रश्न मुलांचा राहिला नाही, ते पूर्ण वर्गाला पुन्हा शिकवायचं. मग आडवा वाचायचा. ज्या ओळीत तीन-चार कौशल्यं चुकलेली आहेत ती मुलं छोट्या गटात. ज्यांचं एकच कौशल्य अडलंय त्यांना गटात टाकू नका, वर्गातच दोन-तीन वेळा शेजारी बसून काम होतं. एकूण बेरीज करू नका. १५ पैकी ६ या आकड्यावरून काय शिकवायचं ते कुणालाच कळत नाही, आणि एकदा आकडा लिहिला की बाकीचा तक्ता कुणी बघत नाही.

शाब्दिक उदाहरणांचं वेगळं आहे. 'मुलांना गणित येत नाही' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा वाचनच अडलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७ मध्ये यासाठी पाच पायऱ्यांची पद्धत मांडली, ती आजही तितकीच कामाची आहे. चुकलेलं उदाहरण घेऊन मुलाला शेजारी बसवायचं आणि क्रमानं विचारायचं : हे मोठ्यानं वाच. यात काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग. ते काढायला तू काय करशील? आता करून दाखव. आणि शेवटी, तुझं उत्तर काय ते पूर्ण वाक्यात लिही. मूल ज्या पायरीवर थांबतं ती त्याची खरी अडचण. 'शेकडा', 'अनुक्रमे', 'किमान', 'च्या तुलनेत' असे शब्द वाचता येतात पण अर्थ लागत नाही, हे दुसऱ्या पायरीला उघड होतं. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. ज्यांच्या बाबतीत कोडं उलगडत नाही अशा दहा-बारा मुलांपुरतं करा. त्यातून निघालेले शब्द भाषेच्या शिक्षकांना द्या. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांनी धडा सुरू करण्याआधी त्यातले सहा-सात अवघड शब्द फळ्यावर लिहून वाक्यात वापरून घ्यावेत. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते फक्त भाषेच्या तासाचं काम समजलं जातं तोवर इतिहास, भूगोल, विज्ञान सगळीकडे तेच अडत राहतं.

आता वेळापत्रक. तुमच्याकडे प्रत्येक इयत्तेच्या तीन तुकड्या आणि गणिताचे तीन शिक्षक आहेत, ही मोठी सोय आहे. नववीच्या तिन्ही तुकड्यांना आठवड्यात दोन दिवस गणिताचा तास एकाच वेळी ठेवा. तसंच आठवीला, तसंच दहावीला. म्हणजे आठवड्यात एकूण सहा वेळा तिन्ही शिक्षक एका इयत्तेत अडकतील. हे तास वेळापत्रकात सर्वांत आधी, शाईनं भरा. बाकीचं पेन्सिलीनं. क्रम असा ठेवा : आधी हे जोडलेले तास, मग अर्धवेळ शिक्षकांचे दिवस, मग प्रयोगशाळेचे जोड तास आणि मैदान, मग आठवड्याला दोन-तीन तास असलेले विषय, आणि सर्वांत शेवटी रोज येणारे विषय. रोज येणारा विषय कुठेही बसतो. दोनच तास असलेला विषय शेवटी राहिला की सोमवार-मंगळवारी लागोपाठ पडतो आणि पुढे पाच दिवस त्याचं तोंड दिसत नाही. तीन तासांचा विषय दिवसाआड पडेल असा ठेवा. गणित रोजच शेवटच्या तासाला येणारी एकही तुकडी राहू देऊ नका. सलग तीनपेक्षा जास्त तास एका शिक्षकाला देऊ नका. चौथ्या तासाला ते शिकवत नाहीत, उरकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

त्या जोडलेल्या तासांत नववीची १२० मुलं तीन वर्गांत नव्यानं बसतात. १८ जणांचा छोटा गट एका शिक्षकाकडे, बाकीची साधारण पन्नास-पन्नास दोघांकडे. पन्नास हा आकडा मोठा आहे, म्हणून तिथे त्या वेळात मिश्र उदाहरणांचा सराव ठेवा. विज्ञानाच्या एखाद्या शिक्षकाचा तास त्या वेळी मोकळा असेल तर तिथे मदतीला द्या. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे या तासाला कोणालाही नवा घटक शिकवायचा नाही. हे पाळलं नाही तर छोट्या गटातली मुलं जुनं शिकताना नवं गमावतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच गटात परततात. पुष्कळ शाळांतलं उपचारात्मक अध्यापन याच भोकातून गळून जातं. त्याच कारणानं मुलांना खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून उचलू नका. ज्याला वर्गात दिवसभर अपयश येतं त्याचा तो एकच बरा तास असू शकतो.

छोटा गट कोणाकडे? सर्वांत अनुभवी, समजावून सांगण्यात हातखंडा असलेल्या शिक्षकाकडे. नवख्या शिक्षकाकडे कच्ची मुलं आणि अनुभवी शिक्षकाकडे हुशार मुलं, ही वाटणी बदलल्याशिवाय बाकी काहीही बदलून फरक पडणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. गटाला नाव देऊ नका, 'ब गट' तर नकोच. खोली क्रमांकानं ओळखा. आणि दर आठ आठवड्यांनी गट मोडून नव्यानं करा. त्या मुदतीत आठवड्याला दोन असे १६ तास होतात, म्हणजे ५६० मिनिटं. दोन कौशल्यं पक्की करायला एवढा वेळ पुरतो, पाच करायला पुरत नाही. त्यामुळे दोनच निवडा, आणि ती पूर्वज्ञानाच्या त्या मोठ्या कागदावर सगळ्यात जास्त प्रकरणांखाली आलेली असोत. बाहेर पडण्याची अट : दहा उदाहरणांत आठ बरोबर, आणि दोन आठवड्यांनी न सांगता पुन्हा घेतली तरी आठ. दुसऱ्या वेळचा निकालच खरा धरायचा. पोर्शनचा हिशोब म्हणाल, तर या १६ पैकी आठ तास राखीवातून घ्या आणि आठ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एरवी ठेवता त्या सरावाच्या तासांतून. राखीवातले नऊ तास तरीही हातात राहतात.

इतर मुलांचंही शिकलेलं टिकत नाहीच. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं आणि अंतरा-अंतरानं उजळणी केली की टिकतं. पुढे रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये पाहिलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. शाळेसाठी याचा अर्थ अगदी साधा आहे. आठवड्यातल्या सहापैकी तीन तासांची सुरुवात चार छोट्या प्रश्नांनी करा : एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, एक मागच्या इयत्तेतला. वह्या-पुस्तकं बंद. पाच मिनिटं लिहायला, तीन मिनिटं तपासायला. आठ मिनिटांचं बारा झालं की हा उपक्रम पंधरवड्यात बंद पडतो, म्हणून प्रश्न एका ओळीत उत्तर येईल असेच हवेत. याच धर्तीवर २० गुणांच्या घटक चाचणीत पाच गुण आधीच्या घटकांवर ठेवा, आणि ते आधी जाहीर करा. चाचणी झाली की घटक संपला, अशी मुलांची आणि आपलीही सवय झालेली आहे. ती याच पाच गुणांनी मोडते.

वह्या तपासण्याबद्दल थोडक्यात. तीन तुकड्यांच्या १२० वह्या, प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे चार तास, आणि त्यातून मुलाला मिळते ती एक खूण आणि सही. त्याऐवजी वह्या भराभर चाळा, एका कागदावर 'आज वर्गात दिसलेल्या तीन चुका' टिपा आणि दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला त्या फळ्यावर घेऊन मुलांना आपापल्या वहीत शोधायला लावा. सविस्तर शेरा दर आठवड्याला फक्त दहा वह्यांवर, पाळीपाळीनं. शेरा असा हवा की त्यावर मुलाला लगेच काही करता येईल. 'सुधारणा आवश्यक' नको, 'तिसऱ्या पायरीत कंसाबाहेरच्या पाचानं फक्त पहिल्या पदाला गुणलंस, दुसऱ्यालाही गुण आणि पुन्हा सोडव' असा हवा. आणि तिथे गुण लिहू नका. इस्राएलमधल्या रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली, पण शेऱ्याबरोबर गुणही दिले की परिणाम नुसते गुण दिल्यासारखाच झाला. मूल आकडा बघतं आणि शेरा वाचायचा राहतो. शेरा दिल्यावर दुरुस्तीला वर्गातच दहा मिनिटं द्या. घरी करून आणायला सांगितलेली दुरुस्ती होत नाही.

गैरहजेरी ही मोठी गळती आहे आणि तिच्याकडे आपण हजेरीच्या टक्केवारीपुरतंच बघतो. वर्षभरात ९० टक्के हजर असलेलं मूल नेमकं अवयव पाडायला शिकवलं त्या चार दिवसांत नसेल तर पुढचं अर्धं वर्ष अडतं. वर्गशिक्षकांनी दर शनिवारी दोन किंवा अधिक दिवस गैरहजर असलेल्यांची यादी काढावी. प्रत्येक विषयशिक्षकानं त्यापुढे राहिलेला मुद्दा आणि एकच सोडवायचं उदाहरण लिहावं. वही उतरवून घे, एवढं सांगणं पुरत नाही. उतरवलेलं कळलेलं नसतं. तसंच बदली तासाचं. रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या वर्गात दुसऱ्यांनी नुसतं बसायचं हे थांबवायला प्रत्येक विषयाची एक फाइल ठेवा. तीत झालेल्या घटकांवरच्या दहा सरावपत्रिका उत्तरांसह, कोणत्याही विषयाचे शिक्षक देऊ शकतील अशा.

सोळा तासांनंतरही ज्यांची गाडी जागची हलत नाही अशी दोन-चार मुलं राहतील. त्यांच्याबाबत आधी साध्या गोष्टी पाहा. फळा दिसतो का? मागच्या बाकावरून ऐकू येतं का? चष्म्याचा नंबर वाढलाय पण मूल सांगत नाही, हे कारण वाटतं त्याहून जास्त वेळा निघतं. तोंडी नीट सांगतं पण लिहिता-वाचताना अक्षरं, अंक उलटसुलट होतात, वर्षानुवर्षं तसंच चाललंय, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञाकडूनच व्हायला हवी. शिक्षकांनी नाव ठरवू नये. मात्र पालकांना भेटताना हाती पुरावा ठेवा : तारखा घातलेले पाच-सहा लेखी नमुने, काय करून पाहिलं आणि काय झालं. त्यावरून तज्ज्ञांचंही काम सोपं होतं. तपासणी होईपर्यंत थांबू नका. जास्त वेळ, मोठं अक्षर, प्रश्न वाचून दाखवणं या सवलती वर्गापुरत्या लगेच देता येतात.

हे सगळं एकट्या पर्यवेक्षिकेनं रेटून होणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा, शाळेच्या वेळेतच, गणिताच्या तिघांना ३५ मिनिटं एकत्र मिळतील असा तास वेळापत्रकात ठेवा. बैठकीत परिपत्रकं वाचायची नाहीत. प्रत्येकानं एकाच प्रश्नाची पाच उत्तरं आणायची, चुकलेली, आणि ती का चुकली यावर बोलायचं. पहिल्या दोन बैठका अवघडलेल्या जातील, कारण चुकलेली उत्तरं म्हणजे आपल्या शिकवण्यावर ठपका असं शिक्षकांना वाटतं. म्हणून निदानाचा तक्ता कुणाच्याही गोपनीय अहवालाला जोडला जाणार नाही हे मुख्याध्यापकांकडून आधी लेखी घ्या. तसं झालं नाही तर तिसऱ्या चाचणीपासून तक्त्यात चुकाच दिसेनाशा होतील.

पहिल्या वर्षी तिन्ही इयत्तांना एकदम हात घालू नका. आठवी आणि नववी घ्या. दहावीला फक्त चार प्रश्नांची सुरुवात आणि घटक चाचणीतले पाच गुण एवढंच करा. तिथे वेळ थोडा आहे आणि शिक्षकांवर ताण आधीच पुरेसा आहे. दुसऱ्या वर्षी दहावीत येणारी मुलं तुमच्या या कामातून आलेली असतील, तेव्हा तिथलं जोडणं सोपं जाईल.

पालकांबद्दल तुम्ही विचारलंय. पोर्शन मागे पडलाय की नाही हे त्यांना शेजारच्या शाळेतल्या मुलाच्या वहीवरून कळतं, म्हणून त्यांच्या आधी तुम्ही बोला. वर्षाच्या पहिल्याच पालक सभेत वार्षिक नियोजनाचं एक पान द्या : कोणतं प्रकरण कोणत्या महिन्यात, राखीव तास किती, ते कशासाठी. निदान चाचणीनंतर प्रत्येक पालकाला फक्त त्याच्या मुलाची ओळ दाखवा, बाकीची नावं झाकून. '१५ पैकी ६' असं सांगितलं की घरी ओरडा बसतो. त्याऐवजी असं सांगा : 'दोन तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज तो अशी करतो, ती का चुकते ते हे, आम्ही पुढचे आठ आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी यावर काम करणार, आणि त्यानंतर त्यानं सोडवलेली दहा उदाहरणं तुम्हाला पाठवू.' आणि नवव्या आठवड्यात ती दहा उदाहरणं खरंच पाठवा, मुलाच्या हस्ताक्षरात, जुन्या चुकलेल्या उत्तराशेजारी लावून.